लीडर बांधणाऱ्या बायका

नोकरी काय करत होता, असं कुणी विचारलं तर मी "धाग्याच्या कारखान्यात होते" एवढंच सांगते. सोलापुरात हे उत्तर लगेच खपतं. पण कुणी खोलात शिरलंच, कुठला धागा, कुठली मिल, तर खरं सांगावं लागतं. आणि खरं सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर तो ओळखीचा भाव येतो: बाई काहीतरी लपवतेय.

खरं एवढंच आहे की एकोणीसशे सत्तरनंतरची काही वर्षं भवानी पेठेतल्या एका माडीवर आम्ही दहा-बारा बायका कॅनडातल्या माशांसाठी नायलॉनच्या दोऱ्याला गाठी मारत होतो. माझ्या सुनेच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, आणि नंतर हळूच माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "आईंची तब्येत बरी असते ना?"

त्या दोऱ्याला तिकडं लीडर म्हणतात. आमच्याकडं लीडर म्हणजे माईकपुढं उभा राहणारा. या एका शब्दानं आमच्यामागं काय काय लागलं, ते आधी सांगते.

आणीबाणीचे दिवस होते. कोण कुणाविषयी कुठं जाऊन काय सांगेल याचा नेम नव्हता. एका सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि एक हवालदार वर आले. त्यांनी आधी खिडक्या बघितल्या, मग आम्हाला, मग टेबलांवरचे चकचकीत दोरे. मालक बाहेर गेले होते. मी उठून उभी राहिले.

"हितं काय चालतंय?"

मी सवयीनं सांगून बसले, "लीडर बांधतो, साहेब."

"कुणाला बांधता?"

"लीडर. इथं बांधायचे आणि मुंबईहून परदेशी पाठवायचे."

हवालदारांची मान जरा पुढं आली. "पाठवले का कुणी आतापर्यंत?"

"पेटीत भरून पाठवतो की," मागून नरसम्मा म्हणाली. "गेल्या महिन्यात दोन पेट्या गेल्या."

तेव्हा सगळ्या बायका हसल्या, मी नाही. शहरातले कितीतरी लीडर त्या दिवसांत खरोखरच आत होते. मी हवालदारांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आमचं काम दाखवायला लागले. त्यांना जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगते.

हिपरग्याच्या तलावावर गळ टाकून बसतात तसा हा प्रकार नाही. तिकडं मासे पकडायची एक शौकिनांची रीत आहे. गळावर गांडूळ नसतं, कणीक नसते; पिसं आणि रंगीत दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी असते. ती इतकी हलकी की फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून दोरीच जड घेतात, आणि काठीनं चाबूक फिरवावा तशी ती दोरी मागंपुढं झुलवून पाण्यावर सोडतात. आता ही दोरी जाड, रंगीत. मासा काही आंधळा नाही. म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये आरपार दिसणारा नायलॉनचा एक लांब तुकडा जोडतात. तोच लीडर. दोरीकडच्या बाजूला तो जाड हवा, म्हणजे फटक्याचा जोर पुढं जातो; माशीकडं बारीक होत गेलेला हवा, म्हणजे माशी अलगद टेकते आणि माशाला दोरा दिसत नाही.

एकच दोरा असा निमुळता कुठून आणणार? म्हणून जाड, मध्यम, बारीक असे तुकडे घ्यायचे आणि एकापुढं एक जोडत जायचं. यात एक नियम होता, तो नव्या बाईला पहिल्याच दिवशी शिकवायचो: आजोबाची गाठ थेट नातवाशी मारायची नाही, मध्ये बाप पाहिजे. जाडीत फार फरक असला की गाठ सरकते. दोन टोकं उलटसुलट शेजारी धरायची, एकमेकांभोवती पीळ घालायचे, मधल्या फटीतून दोन्ही शेपट्या विरुद्ध बाजूंनी काढायच्या, ओठांत धरून ओलं करायचं आणि मग सावकाश ओढायचं. कोरडं ओढलं तर नायलॉन घासून तापतं आणि गाठीपाशीच कच्चं होतं. साध्या माशाला अगदी केसासारखं टोक चालतं. पण आमचे लीडर जायचे सामन आणि स्टीलहेड या माशांसाठी. दोन्ही समुद्रात वाढून नदीत परत येणारे, अंगानं दांडगे. त्यांच्यासाठी टोकसुद्धा दमदार ठेवावं लागे. बारीक ठेवलं तर तुटतं, जाड ठेवलं तर मासा बिचकतो. सगळा धंदा या दोन भीतींच्या मधला.

हवालदारांनी एक लीडर हातात घेऊन ताणून बघितला. मग विचारलं, "हा मासा बघितलाय का तुमी?"

"नाही."

"फोटोत?"

"तोही नाही."

"मग हे माशासाठीच हाय, हे कशावरनं सांगता?"

मी तो लीडर त्यांच्या हातातून घेऊन परत टेबलावर ठेवला. ते खाली गेले, पण त्यानंतर बरेच दिवस समोरच्या पानपट्टीपाशी उभं राहून वर बघत असायचे. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या त्या प्रश्नानं मलाही पोखरलं. आमचा माल परदेशी पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटांनी सांगितलं, आम्ही मानलं. रात्रंदिवस गाठी तपासणाऱ्या मी हे कधी तपासलं नव्हतं.

माझं काम गाठी तपासायचं होतं. आधी मी मिलमध्ये बॉबिन खात्यात होते. तिथं कपात आली, आणि अण्णांनी मला इथं घेतलं. अण्णा म्हणजे आमचे मालक. सुताचे जुने व्यापारी, घरात कानडी बोलणारे, कपाळावर विभूती, आवाज कधी चढायचा नाही. मला घेताना ते म्हणाले होते, "विमलबाई, बाकीच्यांना मी गाठीचे पैसे देतो. तुम्हाला संशयाचे देणार." आणि मी प्रामाणिकपणे संशय घेत असे. भिंगाखाली गाठ धरायची, पीळ सारखे बसलेत का, शेपूट जास्त कापली नाही ना, हे बघायचं, मग खिळ्याला अडकवून ओढायचं. कुणाच्या गाठी कुठल्या हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या जुडीला तिच्या रंगाचा सुती दोरा बांधलेला असे. नरसम्माचा रंग हिरवा.

नरसम्माविषयी सांगायला हवं. विणकरांच्या घरची, तेलुगू बोलणारी. लहानपणापासून मागावरचे तुटलेले धागे सांधलेले, त्यामुळं हात असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, ही गाठ मारतच नाही, नुसती बोटं झटकते. आणि जिभेला धार. एकदा कॅनडाहून निरोप आला की या खेपेला काही लीडर निम्म्याहून आखूड हवेत. नरसम्मानं हातातली कात्री खाली ठेवली. "आखूड कशाला? मजुरी आखूड करायची असंल." अण्णांनी एजंटांना विचारून घेतलं, तेव्हा कळलं, थंडीत स्टीलहेड नदीच्या तळाशी बसून असतो, त्याच्यासाठी बुडणारी दोरी वापरतात, आणि लीडर लांब असला तर दोरी तळाला गेली तरी माशी वरच तरंगत राहते. म्हणून आखूड. हे ऐकून नरसम्मा म्हणाली, "बरं. आणि मजुरी?" मजुरी तीच राहिली तेव्हाच तिनं कात्री उचलली.

आमच्या माडीवर संशय हा असा मिठासारखा होता, चवीपुरता. त्या हवालदारांच्या फेरीनंतर तो वाढला.

नायलॉनची रिळं बाहेरदेशातून यायची. त्यातून केलेला माल परत बाहेर गेलाच पाहिजे, या बोलीवर सरकारनं आणू दिलेली. बाजारात त्या दोऱ्याला मोठा भाव होता. आपल्याकडच्या गळाच्या तंगुसापेक्षा बारीक आणि पक्का. अण्णा धास्तावले. "एक रीळ इकडंतिकडं झालं तर पोलिस मलाच बांधून नेतील," ते मला म्हणाले. तोवर रिळं आतल्या अंधाऱ्या खोलीत लाकडी पेटीत असायची. जिला लागेल ती जाऊन आणायची. अण्णांनी काचेचं एक कपाट आणलं, ते आपल्या खुर्चीसमोर खिडकीला लागून ठेवलं, आणि सगळी रिळं त्यात रांगेनं मांडली. किल्ली कनवटीला. खुर्चीत बसल्या बसल्या कुठलं रीळ जागेवर आहे, कुठलं नाही, हे दिसावं. बायकांना ते लागलं.

थंडीत कपाट आलं. मग सोलापूरचा उन्हाळा आला. तो काय असतो ते सांगायला नको.

पावसाळा संपत आला तेव्हा मुंबईचे एजंट स्वतः आले. एरवी ते हसतमुख असायचे. त्या दिवशी चहासुद्धा न घेता त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि माझ्या टेबलावर रिकामं केलं. तुटलेले लीडर.

"वर्षभर वाट बघतात हो लोक," ते म्हणाले. "एकेक मासा लागायला दिवसच्या दिवस थंड पाण्यात उभे राहतात. आणि लागल्यावर हे असं. पुढची पेटी अशी निघाली तर काम बंद. त्यांनी स्पष्ट सांगितलंय."

मी भिंग घेतलं. सगळेच माझ्याकडं बघत होते, कारण हा माल माझ्याच हाताखालून गेला होता. गाठ तुटली की टोकाला मुरड राहते, जळल्यासारखं दिसतं. इथं तसं काही नव्हतं. गाठी जशाच्या तशा, आणि शेवटचा बारीक दोरा मधूनच तुटलेला. म्हणजे गाठ निर्दोष, दोराच हलका.

"कुणाच्या जुड्या?" अण्णांनी विचारलं.

काही जुड्यांना सुती दोरा अजून होता. ते सगळ्यांना दिसत होतं. हिरवा. सगळ्या जुड्यांना हिरवा.

एजंट गेल्यावर अण्णांनी मला आत बोलावलं. "नरसम्माचा नवरा सुट्टीच्या दिवशी हिपरग्याला गळ घेऊन जातो, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग? चांगला दोरा घरी जातोय आणि इथं तंगूस बांधलं जातंय. दुसरं काय असणार?"

मला ते पटलं नाही, आणि खोटंही म्हणता येईना. हलका दोरा आला कुठून, याचं दुसरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्या दिवसापासून मी नरसम्माच्या गाठी नाही, तिची बोटं बघायला लागले. पदर सावरला तर का सावरला. पाणी प्यायला उठली तर किती वेळ लागला. तिला कळत होतं. डबे खायला आधी सगळ्या गोल करून बसायच्या. आता दोघी-दोघी बसायला लागल्या. तिच्या डब्यातली आमटी कुणी मागेना.

मग झडती सुरू झाली. अण्णांची विधवा बहीण जिन्यापाशी स्टुलावर बसायची आणि घरी जाताना एकेकीला चाचपायची. पदर झटकायचा, केसांचा बुचडा दाबून बघायचा, डबा उघडायचा. सुटी झाली की बायका मान खाली घालून रांगेत उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी नरसम्माची पाळी आली तेव्हा तिनं दोन्ही हात आडवे केले आणि अण्णांच्या खुर्चीकडं तोंड करून उभी राहिली.

"तिकडं काय बघतीस?" बहीण म्हणाली.

"अण्णा बघतात का ते बघते. त्यांच्या सांगण्यावरनं चाललंय, तर त्यांनी बघायला नको?"

अण्णा कागद चाळत राहिले. झडतीत काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. न निघणं हासुद्धा पुरावाच झाला. चोर हुशार आहे याचा. आठवड्याच्या शेवटी अण्णांनी तिला सांगितलं, "काही दिवस घरी बस. बोलावतो."

ती उठली. आपली कात्री घेतली, हिरव्या दोऱ्याचं लहान बंडल टेबलावर ठेवलं, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "विमलक्का, तू पण?"

मी म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही."

"कळंपर्यंत मी काय खाऊ?" एवढं बोलून ती जिना उतरली.

तिच्या जागी आमच्यातलीच दुसरी एक, शांता, बसली. आणि मी आता नुसत्या गाठींवर न थांबता प्रत्येक लीडरचं बारीक टोकही खिळ्याला अडकवून जोरानं ओढायला लागले. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी एक टोक हातात तुटलं. मग दुसरं. मग तिसरं. जुडीचा दोरा गुलाबी होता. शांताचा.

माडीवर कुजबुज झाली. जी शांता काल नरसम्माविषयी सगळ्यांत जास्त बोलत होती, तिच्याकडंच आता सगळ्या बघायला लागल्या. ती रडायला लागली, देवाच्या शपथा घ्यायला लागली. मला मात्र एकदम वाटलं, चोर बदलला नाही. जागा तीच आहे. या जागेवर बसणारीच्या हाती हलका दोरा येतो. का?

या जागेवर सगळ्यांत भरभर हात चालणारी बसायची. तिचं रीळ आधी संपायचं. म्हणून कपाटातलं नवं रीळ नेहमी तिच्याकडंच जायचं, ती वरवरचे वेढे वापरायची, आणि नव्या पेटीचं काम वाटताना तीच अर्धी रिळं बाकीच्यांकडं जायची. म्हणजे रिळाच्या वरच्या थराशी काहीतरी होतं.

दुपार कलली होती. मी कपाटाकडं बघत बसले. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली, काचेवरून सरकत सरकत रिळांवर आली आणि तिथंच थांबली. रोज येत असणार. आम्ही पाठ करून बसायचो आणि अण्णा त्या वेळी आपल्या सुताच्या दुकानावर असायचे. मी उठून जवळ गेले. रिळांवर लाल कागदी चिठ्ठ्या होत्या. आतल्या बाजूला त्या लालच होत्या. खिडकीकडच्या बाजूला मात्र विटून पार फिक्या पडल्या होत्या.

मिलमध्ये आम्हाला एक सांगितलेलं असे, रंगीत सूत उन्हात ठेवू नका, विटतं. पण नायलॉन आरपार असतं. त्याचा रंग विटणार कसा? ते आतल्या आत विटतं, हे मला त्या क्षणी कळलं.

अण्णा परत आल्यावर मी किल्ली मागितली. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं. रिळं नजरेनंच जागेवर आहेत का बघितली आणि स्वतः उघडून दिलं. मी चिठ्ठी विटलेलं एक नवं रीळ काढलं, वरचा दोरा बोटांवर गुंडाळून ओढला. तुटला. परत ओढला. तुटला. मग बरेच वेढे उलगडून आतला दोरा घेतला. बोटं कापायची वेळ आली, पण तो तुटेना.

"ऊन, अण्णा," मी म्हणाले. "वरचे वेढे उन्हानं मेलेत. आतले सावलीत राहिले."

अण्णांनी तुटलेला तुकडा उचलून बघितला. मग म्हणाले, "किंवा वर कुणीतरी तंगूस गुंडाळून ठेवलंय. आणि आतलं काढायला अजून वेळ मिळाला नाही."

राग येण्यापेक्षा मला त्यांच्या डोक्याचं कौतुकच वाटलं. मी ते रीळ त्यांच्या हातात दिलं. "मग गाठ दाखवा. वर एक दोरा आणि आत दुसरा असेल, तर दोन टोकं कुठंतरी भेटली पाहिजेत. एक तर गाठ असेल, नाही तर सुटं टोक."

"तुम्हीच दाखवा की."

"नको. मी दाखवलं तर तुम्ही म्हणाल, विमलबाईंनी गाठ लपवली."

अण्णा खुर्चीत बसले. बायकांनी हातातलं काम ठेवलं. अण्णांनी दोरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला आणि सोडत गेले. दोरा जमिनीवर साठत गेला, त्यांच्या पायांभोवती, खुर्चीच्या पायांभोवती. सुताच्या व्यापाऱ्याची बोटं ती. बारीकशी खोट त्यांना डोळे मिटून कळली असती. आणि त्यांनी खरंच डोळे मिटले होते. मध्येच ते थांबत, दोरा ओढून बघत. सुरुवातीला पटकन तुटायचा. मग जरा जोर लावल्यावर. मग आणखी जोर लावल्यावर. शेवटी तुटेनासा झाला. जिथं तो तुटत होता आणि जिथं तुटत नव्हता, त्यांच्या मध्ये एकच सलग दोरा होता. गाठ नव्हती. सुटं टोक नव्हतं.

रीळ निम्मं रिकामं झालं तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. कुणाकडं न बघता त्यांनी विचारलं, "हे कपाट इथं कुणी ठेवायला सांगितलं होतं?"

त्यांना उत्तर नको होतं. उठताना त्यांचे पाय त्या दोऱ्यात अडकले, आणि शांतानं खाली बसून एकेक वेढा सोडवून दिला.

त्याच संध्याकाळी रिळं परत आतल्या पेटीत गेली, जिन्यावरचं स्टूल उचललं गेलं. प्रत्येक रिळाचे वरचे वेढे आम्ही काढून टाकले आणि आतल्या दोऱ्यावर माल पुरा केला. पुढच्या पेटीबद्दल तक्रार आली नाही. एजंटांना अण्णांनी काय सांगितलं मला माहीत नाही. हवामानाचं काहीतरी सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "चला." आम्ही नरसम्माच्या घरी गेलो. ती उंबऱ्याशी सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती. विडीलाही शेवटी दोराच बांधायचा असतो. तिच्या बोटांना ते नवं नव्हतं. आम्हाला बघून ती उठली नाही. अण्णा उभेच राहिले. मालक माणूस, असा कुणाच्या दारात उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

"नरसम्मा, चूक झाली," ते म्हणाले. "दोरा उन्हानं गेला होता. तुझा काही संबंध नव्हता. उद्यापासून ये."

तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, टोक दुमडलं. "परत काही तुटलं तर?"

"तुटलं तर तुटलं."

"आज म्हणता. तुटल्यावर कुणाकडं बघाल ते मला ठावं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ही पण बघंल."

मी मान खाली घातली नाही. ते खरंच होतं.

"येते मी," ती म्हणाली. "विडीनं पोट भरत न्हाई. पण माझी झडती चालू ठेवायची. रोज. बहिणीनं नको, अण्णांनी बघायचं. म्हणजे उद्या कुणी काही म्हणायला नको."

अण्णांना वाटलं, रागात बोलतेय, विसरेल. पण दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी सगळ्या जिन्याकडं निघाल्या तेव्हा नरसम्मा अण्णांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. पदर झटकला. बुचडा सोडून केस मोकळे केले, परत बांधले. डबा उघडून उपडा धरला. मग दोन्ही तळहात पुढं केले.

"राहू दे गं," अण्णा म्हणाले.

"बघा."

त्यांनी बघितलं. ती गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. आधी आम्हाला वाटलं, ही अण्णांना लाज आणतेय. मग वाटलं, खरंच घाबरलेली आहे. एकदा मी तिला सरळ विचारलं, "अजून किती दिवस करणार आहेस हे?" ती म्हणाली, "तू मला हे का विचारतीस, ते आधी सांग." मी परत विचारलं नाही. अण्णांनी एकदा मुद्दाम लवकर निघून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा ती दारातच हात पुढं करून उभी होती. त्यानंतर सुटीच्या वेळी ते खुर्ची सोडत नसत. ती समोर आली की पेन खाली ठेवायचे, उभे राहायचे आणि तिच्या रिकाम्या तळहातांकडं बघायचे. त्यांना पुढं रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तरी संध्याकाळी ते माडीवर येऊन बसायचे. अण्णांच्या बहिणीनं मला एकदा विचारलं, "तिनं काही करणी केली का गं?" माझाही काही वेळ त्यावर विश्वास बसला होता.

तिची गाठ मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. भिंगाखाली धरली की बघत राहावं अशी.

मग एजंटांचा निरोप आला. तिकडं आता यंत्रावर निमुळता दोरा निघायला लागला होता, अख्खा, एका तुकड्याचा. एकाही गाठीशिवाय. मला त्याचा एक नमुना दाखवला त्यांनी. मी सवयीनं चिमटीत धरून टोकापर्यंत बोटं नेली. बोटांना कुठं काही लागेना. गाठ नाही म्हणजे तपासायला काही नाही. असल्या दोऱ्यावर विश्वास कसा ठेवतात, कोण जाणे.

शेवटच्या दिवशी हातात होतं तेवढं काम पुरं केलं. अण्णांनी प्रत्येकीला पेढे आणि एकेक चादर दिली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, वाकून अण्णांच्या पाया पडल्या, आणि एकेक करून जिना उतरल्या. नरसम्मानं आपली कात्री पदरात गुंडाळली. अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि उभे राहिले.

ती माझ्याजवळ आली, "जाते विमलक्का," म्हणाली, आणि अण्णांच्या टेबलासमोरून तशीच पुढं निघून गेली. पदर झटकला नाही. हात पुढं केले नाहीत. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

अण्णा उभेच होते.

"थांबली नाही," ते म्हणाले.

"नाही."

ते हळूच खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मी तिथून निघून जायला हवं होतं. "विमलबाई," त्यांनी विचारलं, "म्हणजे तिनं माफ केलं म्हणायचं का मला?"

मी दारंखिडक्या लावत होते. इतकी वर्षं ज्याचा पगार घेतला, तो संशयच मी त्यांना दिला.

"उद्यापासून इथं चोरण्यासारखं काही उरणार नाही, अण्णा," मी म्हणाले. "म्हणूनही असेल."